चष्मेवाल्या बाईची वाक्यं

६ जानेवारी

नवीन काम मिळालं म्हणून नवी डायरी. काम संपलं की डायरीही बंद पडते, हे सुबोधने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

अंधेरीच्या स्टुडिओतून चंद्रप्रकाशजींचा फोन आला. अमेरिकन माहितीपट मराठीत डब करायचा आहे, स्क्रिप्ट माझं. विषय विचारला तर म्हणाले, "घर का मामला आहे, मानसीजी. काळे-गोरे. कोण कुठे राहणार, त्याच्यावरून झगडा." आतापर्यंत मी मगरींच्या मागे धावणाऱ्या आणि केक बनवणाऱ्या माणसांच्या तोंडी मराठी घातलंय. हे जरा वेगळं दिसतंय. काळ्यांना बसमध्ये मागे बसवायचे एवढं शाळेत वाचलं होतं, त्यापुढे माझी पाटी कोरी.

९ जानेवारी

पहिला भाग बघता बघता आमटी करपली. १९३०च्या दशकात तिथल्या सरकारी खात्याने शहरांचे नकाशे रंगवून घेतले होते. उत्तम भाग हिरवा, बरा निळा, उतरणीला लागलेला पिवळा आणि धोक्याचा लाल. काळ्यांची वस्ती असली की लाल, मग घरं कितीही नीटनेटकी असोत. लाल भागात घरासाठी कर्ज मिळायचं नाही. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून वस्तीला अवकळा, आणि मग त्या अवकळेकडे बोट दाखवून हेच म्हणणार, बघा, म्हणून लाल रंगवलं होतं.

डेट्रॉइटमध्ये तर एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी काळ्यांची वस्ती असल्यामुळे सरकार पाठीशी उभं राहीना. त्याने १९४१ साली दोन वस्त्यांच्या मध्ये पुरुषभर उंचीची भिंत बांधली आणि काम मंजूर झालं. ती भिंत अजून उभी आहे, आता तिच्यावर रंगीत चित्रं काढली आहेत. जेवताना सुबोधला सांगितलं. तो म्हणाला, "भिंत बांधून फरक काय पडला? माणसं तीच, हवा तीच." मी म्हटलं, तेच तर. मग मी त्याला विचारलं, आपलं नाहूर कुठल्या रंगात आलं असतं? तो म्हणाला, "फ्लायओव्हरवरून बघितलं तर करड्या." करपलेली आमटी मात्र गुपचूप खाल्ली त्याने.

११ जानेवारी

मला यातलं थोडंफार कळतं असं वाटतं. लग्नानंतर मुलुंडला घर बघायला गेलो होतो, तेव्हा एका बिल्डिंगीत मासे खाता म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. सुबोध अजून त्या रस्त्याने गेला की त्या बिल्डिंगीकडे बघून एक शिवी हासडतो. त्यामुळे स्क्रिप्टमधल्या काळ्या माणसांचं बोलणं मला भराभर सुचतंय.

अडतंय ते गोऱ्यांचं. त्यात एक बाई आहे, १९५०च्या दशकातली मुलाखत, टोकदार चष्मा, केस नीट बसवलेले, अंगणात खुर्ची टाकून बसलीय. शेजारचं घर एक काळी शिक्षिका बघून गेली, त्याबद्दल बोलतेय. अजिबात चिडत नाही. उलट इतकी गोड हसते की तिच्याकडे लिंबू सरबत प्यायला जावंसं वाटेल. तिचं मराठी मी कसंही लिहिलं तरी सरकारी परिपत्रकासारखं होतं. डबिंगमध्ये नुसता अर्थ येऊन भागत नाही. पडद्यावर ओठ मिटतील तिथे आपलाही प, ब नाहीतर म यावा लागतो, आणि तिचं तोंड बंद झालं की आपलं वाक्यही संपावं लागतं. या बाईचे ओठ फारच मऊ मिटतात. माझी वाक्यं खडबडीत.

तिचा आवाज संघमित्रा देणार आहे. बरं झालं. गेली कित्येक वर्षं मी लिहिते आणि ती बोलते, त्यामुळे माझ्या वाक्यात खडा लागला तर तोंडावर सांगते. आज ती वैतागलेली होती. घाटकोपरची त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, फेब्रुवारी संपायच्या आत घर रिकामं करायचंय. तिची आई मुलुंडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला जाते, म्हणून जवळपासच घर हवंय. मला एकदम जानकी काकू आठवल्या. आमच्या वरच्या मजल्यावरचं त्यांचं घर दिवाळीपासून बंद आहे, त्या बोरिवलीला लेकीकडे असतात आणि भाडेकरू शोधतायत. म्हटलं, "चल गं, माझ्या डोक्यावरच येऊन राहा." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या जमल्या, आणि दुसरा भागही.

घरांच्या खरेदीखतातच लिहून ठेवायचे, हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचं नाही, राहायला द्यायचं नाही. पुढे बारीक अक्षरात सूट असायची, घरकाम करणारे नोकर राहिले तर हरकत नाही. म्हणजे त्याच घरात पोळ्या लाटल्या तर चालेल. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकलं.

आणखी एक कळलं. काही काळी माणसं रंगाने इतकी उजळ असायची की गोरी म्हणून खपून जायची. नोकरी मिळायची, घर मिळायचं. पण मग माहेर तोडायचं. रस्त्यात सख्खी आई भेटली तरी ओळख द्यायची नाही. मला हे वाचून कसंतरीच झालं. कोणावर अशी वेळ का आणावी?

रविवारी सोसायटीचं हळदीकुंकू आहे. संघमित्राला बोलावलंय. बायकांनी एकदा तिला बघितलं, तिच्याशी बोलल्या की निम्मं काम होईल. सुबोध सेक्रेटरी, मधुकर काका चेअरमन. भाडेकरूने आधी कमिटीला भेटायचं ही आमच्याकडची पद्धत, पण खरा निकाल बायकांतच लागतो. तिला फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. साडी नेसून ये. आणि कोणी नाव विचारलं तर नुसतं संघमित्रा सांग, आडनावापर्यंत जाऊ नकोस, उगाच चौकशा होतात. ती म्हणाली, "नुसत्या संघमित्रावरून काय कळायचं राहतं गं?" मी म्हटलं, "अगं, बंगालीसुद्धा वाटतं."

१९ जानेवारी

हळदीकुंकू झालं. संघमित्रा आली, मोरपंखी साडीत काय दिसत होती. आवाजाने तर सगळ्यांना जिंकलं. कार्टूनमधल्या खारीचा आवाज काढून दाखवला तेव्हा तळमजल्याची दिशा हसून हसून खाली बसली. सगळं झकास चाललं होतं. मग दिशाने कुंकवाचा करंडा पुढे केला आणि ही शांतपणे म्हणाली, "मला कुंकू नको, तिळगूळ द्या." दिशाचा हात तसाच राहिला. तिळगूळ दिला, वाणही दिलं, स्टीलची गाळणी. पण त्यानंतर कोणी खारीचा आवाज काढायला सांगितलं नाही.

मला रागच आला तिचा. बोटभर कुंकू लावून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? सोडायला रिक्षापर्यंत गेले तेव्हा तसं म्हणालेही. ती म्हणाली, "आज कुंकू. मग रोज काय काय गं?" मला तिचं म्हणणं नीट कळलं नाही. रिक्षा लगेच मिळाली.

२१ जानेवारी

आज मजा झाली. म्हणजे मजा म्हणू नये, पण माझं अडलेलं काम सुटलं.

कमिटीची माणसं आमच्याकडेच जमली होती. मी पोहे करत होते आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. जानकी काकूंच्या घराचा विषय निघाला. एक जण म्हणाले, "आपला तसा विरोध नाही, पण बाकीच्यांचाही विचार करायला हवा ना." दुसरे म्हणाले, "माणसं चांगलीच असतील हो, प्रश्न राहणीचा आहे." कोणीतरी म्हणालं, "एक आले की पाहुणे-रावळे धरून दहा येतात. उद्या आपल्या जागेचा भाव काय राहील?" मधुकर काका मूळचे मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवून मुलं शिकवलेला माणूस. ते हळू आवाजात म्हणाले, "माजा काय नाय. पण लोकांका कोण समजावतलो?"

मी झारा हातात धरून उभीच राहिले. चष्मेवाली बाई हेच बोलते की. हेच, अगदी याच सुरात. मी दोन आठवडे परिपत्रकं लिहीत बसले आणि मराठी माझ्या दिवाणखान्यात बसलं होतं. पोहे दिले आणि आत येऊन भराभरा सगळं टाइप केलं. ओठांवर लावून बघितलं, जवळजवळ एकूण एक वाक्य बसलं. "बाकीच्यांचाही विचार" मध्ये तर ब बरोबर तिच्या ब वर पडतो.

संघमित्राचं मात्र होईलसं दिसत नाही. वाईट वाटतं. सुबोध म्हणाला, कमिटीने तिला बोलावून नाही म्हणणं बरं दिसत नाही. तुझी मैत्रीण आहे, तूच समजावून सांग.

२२ जानेवारी

फोन केला. कमिटीचं नाव काढलं नाही, तिला उगाच लागलं असतं. म्हटलं, "माझं ऐक, तुलाच त्रास होईल गं. इथे जुनी माणसं आहेत, तुला करमणार नाही." ती म्हणाली, "बरं." आईची तब्येत विचारली, ठीक आहे म्हणाली. मी तिला दुखवलं नाही याचं समाधान वाटलं.

२५ जानेवारी

तिसऱ्या भागात केंटकीतलं एक गोरं जोडपं आहे. १९५४ साली एका काळ्या कुटुंबाला गोऱ्या वस्तीत घर हवं होतं, कोणी विकेना. तर या जोडप्याने स्वतःच्या नावाने घर घेतलं आणि त्या कुटुंबाच्या नावावर करून दिलं. पुढे ते घर स्फोटात उडवलं. आणि तुरुंगात कोण गेलं? घर घेऊन देणारा गोरा नवराच, राजद्रोहाच्या आरोपाखाली. मी थक्क झाले. कोण असतात ही माणसं? त्यांना शेजाऱ्यांचं काहीच कसं वाटत नाही? त्या बायकोचा फोटो थांबवून बराच वेळ बघितला. दिसायला तर चारचौघींसारखीच होती.

सुबोधला विचारलं, तू केलं असतंस असं? तो म्हणाला, "मला सेक्रेटरीपद झेपत नाही, राजद्रोह कुठे सांगतेस."

२८ जानेवारी

आज चष्मेवाल्या बाईचं रेकॉर्डिंग. चंद्रप्रकाशजी खूश. पहिल्याच वाक्याला म्हणाले, "ये तो बिलकुल अपनी सोसायटी की आंटी है." रेकॉर्डिस्टही हसला. संघमित्रा बूथच्या काचेआडून एकेक वाक्य बोलत गेली, गोड आवाजात, कुठेही न अडखळता. "एक आले की दहा येतात" झाल्यावर तिने हेडफोन काढला आणि विचारलं, "मानसी, ही वाक्यं कुठून आणलीस गं? यावेळी भारी जमलीत." मी जरा फुशारून म्हटलं, "कान उघडे ठेवले की मिळतात." तिने हेडफोन पुन्हा लावला.

शेवटी एका वाक्याला गाडी अडली. बाई कॅमेऱ्याकडे बघून सांगते की घर बघायला आलेल्या त्या शिक्षिकेला तिने काय सांगितलं. मी लिहिलं होतं, "हे मी तुमच्या हितासाठीच सांगत आहे." संघमित्राचं वाक्य लवकर संपायचं आणि बाईचं तोंड चालूच राहायचं. तीन-चारदा फिरवून बघितलं, छे. मग संघमित्रा म्हणाली, "थांब, मी बोलते. तू लिहू नकोस." आणि बोलली. "माझं ऐक, तुलाच त्रास होईल गं. तुला करमणार नाही इथे." एका दमात बसलं. चंद्रप्रकाशजींनी टाळी वाजवली. बाईचे ओठ आणि हिचा आवाज, मध्ये सुईसुद्धा जाणार नाही.

वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. रेकॉर्डिंगनंतर आम्ही नेहमी खाली कटिंग चहा घेतो. ती आज थांबली नाही, आईकडे जायचं म्हणाली.

२९ जानेवारी

आठवलं. पोळ्या लाटताना आठवलं. ऐकलेलं नाही, माझंच आहे ते.

इतकी लाज वाटली की गॅस बंद करून खाली बसले. ती चष्मेवाली बाई मला सुरुवातीपासून आवडली होती. खोटं कशाला लिहू, मनातून मला ती चांगलीच बाई वाटत होती.

संध्याकाळी सुबोधला विचारलं, "अरे, कमिटीने तिला घर नाकारलं ना?" तो म्हणाला, "आम्ही कुठे नाकारलं? आमच्यापर्यंत ती आलीच नाही. तूच फोन केलास." खरंच आहे. कोणीच नाकारलेलं नाही, आणि घर मात्र मिळालेलं नाही.

३१ जानेवारी

बोरिवलीला जानकी काकूंकडे गेले. त्या नातीचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "अगं, तुझी ती मैत्रीण स्वतःच नको म्हणाली ना? सुबोध तसं म्हणाला."

मी म्हटलं, "काकू, ती नको म्हणाली नाही. तिला नको म्हणायला मी लावलं." आणि कारणही सांगितलं. काकूंनी कंगवा थांबवला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. परत कंगवा सुरू झाला. वेणी अर्धी झाल्यावर म्हणाल्या, "घर स्वच्छ ठेवतील ना?" माझा पारा चढला. म्हटलं, "हे सगळ्या भाडेकरूंना विचारता का?" त्या म्हणाल्या, "विचारते तर. मागचा मेला सगळ्या बाल्कनीभर कबुतरं करून गेला." मला हसूही आलं आणि थोडं रडूही. काकू म्हणाल्या, "रविवारी मीटिंग आहे ना? मी येते. घर माझं आहे, ते बाकीच्यांचं कधीपासून झालं?"

रात्री संघमित्राला फोन केला. उचलला नाही. मग तिनेच केला. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "ते राहू दे. घर आहे का नाही ते सांग." मी म्हटलं, काकू हो म्हणतायत, कमिटीशी मी बोलते. ती म्हणाली, "नको. तू माझ्या वतीने काही बोलू नकोस आता. मी आणि भीमराज येतो. आमचं आम्ही बोलू."

२ फेब्रुवारी

मीटिंग सोसायटीच्या ऑफिसात होती. काकू पुढच्या खुर्चीत. संघमित्रा आणि तिचा नवरा भीमराज वेळेवर आले. भीमराज बँकेत आहे, कागदपत्रांची फाइल मांडीवर धरून ताठ बसला होता. मधुकर काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पूर्ण नाव?" ती म्हणाली, "संघमित्रा भीमराज सोनकांबळे." जराही न थांबता, खणखणीत.

मी सवयीने सगळ्यांच्या ओठांकडे बघत होते. आता बोलतील, मग बोलतील. त्या वाक्यांपैकी एकही कोणी बोललं नाही. बाकीच्यांचा विचार नाही, राहणी नाही, जागेचा भाव नाही. ती समोर बसली होती ना. मला एकदम तो माहितीपट डोळ्यांपुढे आला. चष्मेवाली बाई बोलते तेव्हा तिच्या त्या मोठ्या अंगणात एकही काळं माणूस नसतं.

एक जण घसा साफ करून म्हणाले, बघू, कमिटी चर्चा करून कळवेल. तेव्हा संघमित्रा म्हणाली, "चर्चा आत्ता करा ना. काय विचारायचं असेल ते मला विचारा. मागाहून कोणाला फोन करायला लावू नका." सगळ्यांची नजर माझ्यावर आली, सुबोधची आधी.

ती म्हणाली होती, माझ्या वतीने बोलू नकोस. पण हे तिच्या वतीने नव्हतंच. मी उभी राहिले. म्हटलं, "तो फोन मी केला होता. त्या दिवशी आमच्या घरी जे बोलणं झालं ते मी आतून ऐकलं, पोहे वाढले, आणि हिलाच समजावलं. ज्यांना ते परत बोलायचं असेल त्यांनी आता बोला. मी सगळं लिहून घेतलंय, कोणाला आठवत नसेल तर मी सांगते."

सुबोध जमिनीकडे बघत होता. मधुकर काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "नाय. माका काय इचारूचा नाय. जानके, तुजा घर, तू दी." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी मनापासून, कोणी नाही, हे मला ओठांवरून कळलं नाही.

पंधरा तारखेला ते सामान आणतायत. सुबोध जेवताना एक शब्द बोलला नाही, वाढलेलं सगळं मात्र संपवलं. मला दिशाने फाटकात गाठून विचारलं की तू आमचं बोलणं पण असंच लिहून घेतेस का. मी हो म्हटलं.

मीटिंगनंतर संघमित्राला मी जिन्यात गाठलं होतं. सामान लावायला येऊ का विचारलं. ती म्हणाली, "बघू." भीमराजने वर घर बघायला बोलावलं म्हणून ती वळली आणि काकूंच्या हाताला धरून हळूहळू पायऱ्या चढली.

ती माझ्या वरच्या मजल्यावर राहायला येतेय. माझी मैत्रीण म्हणून येतेय की नाही, ते मी तिला विचारलेलं नाही.